उदारामचा उजवा पाय

आमगाव तालुक्यात आमच्या उदारामसारखा ड्रायव्हर दुसरा कोणी असंल तं आणून दाखवावा. वीसेक वर्षं त्यानं लोकायच्या गाड्या चालवल्या. ट्रॅक्टर झाले, धानाची मेटॅडोर झाली, वराती झाल्या, एका डॉक्टरची कार झाली. कोंबडीचं पिल्लूसुद्धा कधी चाकाखाली आलं नाही. बांधावरून ट्रॉली अशी काढायचा का शेताचा मालक डोळे मिटून घ्यायचा अन् हा आपला गाणं म्हणत राहायचा. एकदा नवेगावच्या जंगलात रस्त्यावर वाघ बसला होता. मागची सवारी रडाले लागली. उदारामनं गाडी बंद केली, तंबाखू मळली, अन् वाघ उठून जाईपर्यंत चघळत बसला. असं काळीज आमच्याच घरात असते.

अन् असा माणूस, स्वतःची नवी गाडी दारात आली त्या दिवसापासून भिऊ लागला.

गाडी पांढरी, पेट्रोलवाली, सात सीटची. आमगाव-सालेकसा सवारी मारायसाठी घेतली. गोंदियाच्या शोरूममंदी पिंटू नावाच्या पोरानं चाबी हातात देली अन् म्हणाला, "चाचा, आजकल की गाडी में रनिंग-विनिंग कुछ नहीं होता. बिंदास भगाओ."

रनिंग म्हणजे नवं इंजिन पहिले हजार किलोमीटर हळू चालवून बसवणं. 'बिंदास' ऐकूनच उदारामनं ठरवलं, भगवायची नाही. शेजारचं फुलचूर गाव मागं पडेपर्यंत दोन सायकलवाले त्याले ओलांडून गेले. एकानं तं मागं वळून पाहिलं, गाडीले काही झालं का म्हणून.

भीती उगाच नव्हती. उदाराम पोरगा होता तवा सुखराम उस्तादाच्या जीपवर क्लीनर होता. त्या जीपचं इंजिन बोर केलं, म्हणजे आतून घासून नवे पिस्टन टाकले. मिस्त्रीनं सांगलं, हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नको, पिस्टन बसू दे. उस्तादानं हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी रस्ता रिकामा भेटला, अन् उस्तादाचा पाय आवरला नाही. बाजूले बसलेल्या उदारामनं पहिले टकटक ऐकली. बोनटखाली कोणी हातोडीनं ठोकते तशी. मंग एक किंकाळी आली लोखंडाची, इंजिन जाम झालं, अन् पळत्या गाडीचे मागचे चाक जागच्या जागी धरले गेले. जीप आडवी झाली अन् पळसाच्या झाडावर गेली. उदाराम बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. उस्तादाचा पाय डॅशबोर्डखाली चिरडला. त्यानंतर उस्ताद कधी स्टेअरिंगवर बसला नाही.

म्हणून नव्या गाडीत उदारामनं आपला एक कायदा केला. इंजिनचे चक्कर दाखवणारा काटा दोन हजाराच्या वर जाऊ द्यायचा नाही. काटा चढाले लागला का हा वरचा गेर टाकायचा. तिसऱ्या गेरची जागा असली तरी चौथा, चौथ्याची असली तरी पाचवा. गाडी कुंथत चालायची. सवारी उतरून दुसऱ्या गाडीत बसायची. तरी याचा उजवा पाय खाली जायचा नाही.

"गाडी घेतली का अंडे घेतले, भाऊजी?" त्याचा साळा देवेंद्र म्हणायचा. देवेंद्र तांदळाचा ट्रक चालवते, रायपूरपावेतो जाते, अन् बोलायले त्याले कोणाचं भेव नाही.

"तुही गाडी मालकाची हाये. माही माही हाये," उदाराम म्हणायचा.

माघ महिन्यात मंगलीच्या, म्हणजे उदारामच्या आईच्या, माहेरी पेनाची पूजा निघाली. पेन म्हणजे घरचे देव, ते वर्षातून एकदा बाहेर काढतात, तवा लेकीबाळीनं जावंच लागते. माहेर दरेकशाच्या पल्याड, जंगलात. मधात मोठा चढ. उदारामनं आठ दिवस आधीपासून आईले समजावलं, "आपुन रेल्वेनं जाऊ."

"अन् स्टेशनपासून गावापावेतो मले डोक्यावर नेशील?" मंगली म्हणाली. "दारात गाडी उभी हाये. माह्या भावाले दिसू दे ना."

मंग जावंच लागलं. मागं मंगली बसली, तिच्या बाजूले उदारामची बायको रुख्मा अन् पोरगी दिव्या. समोर देवेंद्र. सगळ्यात मागं तांदळाचं पोतं, अन् टोपलीत पूजेची कोंबडी.

सालेकसा सोडल्यावर साजाच्या, मोहाच्या झाडायचं जंगल सुरू झालं. उदारामच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. चढावर काटा कसा सांभाळायचा? त्यानं ठरवलं, चौथ्या गेरमंदी हळूहळू काढू. मशीनले ताप नको द्यायले.

चढ सुरू झाला. रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूले खडक, दुसऱ्या बाजूले खोल दरी, कठडा नाही. पहिलं वळण गाडीनं कसंबसं घेतलं. दुसऱ्या वळणावर ती थरथराले लागली. रुख्माच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली दिव्या जागी झाली.

"गेर उतरवा, भाऊजी."

"उतरवला का काटा चढते."

"तं चढू द्या ना! चढ हाये, काटा चढंनच."

"तू चूप बस."

अन् तवाच बोनटखालून आवाज आला. टक. टक. टकटकटक.

तोच आवाज. इतक्या वर्षांनी, तसाच. आता किंकाळी येईल, आता चाक धरतील, अन् इथं पळसाचं झाड नाही, दरी हाये. भेवानं त्यानं होता तोही पाय उचलला. गाडीनं दोन हिचके देले अन् बंद पडली.

जंगल एकदम शांत झालं. मंग गाडी मागं सरकाले लागली.

उदारामनं ब्रेक दाबला. थांबली. हॅन्डब्रेक ओढला, पण भरल्या गाडीले तो पुरला नाही. अन् बंद गाडीचा ब्रेक दोनचार दाबण्यात दगडासारखा होते. पायाखाली तो कडक होत गेला अन् गाडी इंच इंच सरकतच राहिली. आरशात त्यानं पाहिलं. खालच्या वळणावरून बांबूचा ट्रक वर येऊन राहिला होता, भरलेला, हॉर्न मारत. असा ट्रक चढावर थांबला तं पुन्हा उचलत नाही, हे उदारामले त्या ड्रायव्हरइतकंच माहीत होतं. तो थांबणार नव्हता.

"उतरा! रुख्मे, पोरीले घे, खडकाच्या बाजूनं उतर!" देवेंद्र ओरडला अन् स्वतः उडी मारून चाकामागं लावाले दगड शोधाले लागला. रुख्मानं दिव्याले ओढून बाहेर घेतलं.

मंगली दरीच्या बाजूले बसली होती. तिचं दार उघडलं तं खाली पाय ठेवाले जागाच नाही, अन् सरकत्या गाडीत रुख्माच्या दारापावेतो जाणं तिच्यानं होत नव्हतं. तिनं एकदा खिडकीतून पाहिलं अन् तोंड फिरवलं.

"मी कोठी जात नाही. तू सुरू कर."

उदारामचा हात चाबीवर होता. फिरवत नव्हता. चाबी फिरवली अन् इंजिन हाललंच नाही, तं ते गेलं. जाम झालं. उस्तादासारखं. फिरवली नाही तोपावेतो अजून जिवंत हाये. खालून हॉर्न जवळ आला. देवेंद्र मागून ओरडला, "दगड लावला, मारा सेल!"

त्यानं फिरवली. इंजिन लागलं. मऊ आवाजात, सकाळी अंगणात लागलं होतं तसंच. उदारामले रडूच आलं. पहिला गेर टाकला, हॅन्डब्रेक सोडला, अन् पाय? पाय रोजच्या सवयीनं गेला, पिसावर ठेवावा तसा. गाडी थरथरली, बंद पडली, मागं आली. चाक दगडावर आदळलं, दगड निसटला, अन् दरीत पडल्याचा आवाज लय वेळानं आला.

गाडीचं मागचं तोंड दरीकडं वळाले लागलं.

मागून मंगलीनं त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली. ओरडली नाही. नुसती म्हणाली, "उदा. मी हावो गाडीत."

त्यानं पुन्हा सेल मारला. अन् मंग जो पाय नवी गाडी आल्यापासून कधी खाली गेला नव्हता, तो त्यानं पूर्ण दाबला. इंजिन असं गरजलं का खडकावरून आवाज परत आला. काटा दोन हजार, तीन हजार, साडेचार हजार. क्लचचा जळका वास सुटला. टोपलीतली कोंबडी किंचाळाले लागली. चाकाखालून गिट्टी उडाली, अन् गाडी थांबली, डगमगली, धरली, चालली. उदाराम काट्याकडं पाहत नव्हता. तो आवाजाची वाट पाहत होता, त्या किंकाळीची. एक वळण गेलं. दुसरं गेलं. सपाटी आली तवा त्यानं गाडी कडेले घेतली, अन् बांबूचा ट्रक धूळ उडवत बाजूनं निघून गेला. ड्रायव्हरनं हिंदीत आईवरून शिवी देली. कोणी मनावर घेतलं नाही.

देवेंद्र, रुख्मा अन् दिव्या धापा टाकत वर आले.

"बंद करा आता गाडी," देवेंद्र म्हणाला.

"नाही."

"काऊन?"

"बंद केली अन् मंग चालूच नाही झाली तं?"

देवेंद्र हसणार होता, पण उदारामनं चाबीवर हात दाबून ठेवलेला पाहून हसला नाही. तो खिडकीशी उभा राहिला. "भाऊजी, उस्तादाची जीप मिस्त्रीनं खोलून घासून बसवली होती, तिचं येगळं. नवी गाडीही जपावी लागते, मी कुठं नाई म्हनतो? पयल्या हजारात फुल दाबून पळवू नये. एकाच स्पीडनं तासभर नेऊ नये. पन चढावर, इतके मानसं भरून, चौथा गेर? ते टकटक कायची होती? तुमी तिचा दम कोंडला, म्हनून ठोकत होती."

"तोच आवाज होता."

"आवाज सारखा असंन. कारन सारखं नाई."

उदारामले पटलं होतं का नाही, हे त्याले स्वतःलेच कळत नव्हतं.

"तुमचं झालं असंन तं बंद कर ते," मागून मंगली म्हणाली. "मले मुताले लागली. हालत्या गाडीतून मी उतरत नाही."

यावर इलाज नव्हता. त्यानं चाबी फिरवली. गाडी शांत झाली. बायका झाडीत गेल्या. उदारामनं बोनट उघडलं, थंड होऊ देलं, ऑइलची काडी काढली, धोतराच्या फडक्यानं पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. ऑइल होतं तितकंच, जळकं नाही, लोखंडाचा चुरा नाही. पाइप पाहिले. खाली वाकून पाहिलं, कुठं गळते का. देवेंद्रनं दोन वेळा "चला" म्हटलं. मंगली येऊन बसली तरी तो सीटवर नुसता बसून होता.

"कायले थांबला?" मंगली म्हणाली.

त्यानं डोळे मिटून सेल मारला.

लागली.

सपाटीच्या पुढं उतार होता, तितकाच उभा. रोजचा उदाराम असता तं चौथ्यात सोडून ब्रेकवर गेला असता. त्यानं दुसरा गेर टाकला. इंजिनचा आवाज वर चढला, काटा तीन हजाराच्या पुढं गेला. तोंडातल्या तोंडात तो आमच्या पेनाचं नाव घेत होता. पण गेर त्यानं बदलला नाही. गाडी इंजिनच्या जोरावर धरून धरून खाली उतरली, ब्रेकले त्यानं नुसता पाय लावला.

मामाच्या अंगणात पन्नास माणसं गाडीभोवती जमली. मंगलीनं भावाले सांगलं, "माह्या लेकानं आणली," अन् बाकीचं काही सांगलं नाही. रुख्मा कोंबडीची टोपली घेऊन आत गेली. पोरायनं बोनटवर हात ठेवले अन् चटका बसला म्हणून ओरडले.

उदाराम स्टेअरिंगवरून उठला नाही. मामानं पाण्याचा लोटा आणला तवा त्यानं आधी विचारलं, "मामाजी, परत जाले दुसरा रस्ता हाये का?"

"नाई बा. तोच एक."

त्यानं पाणी पिलं, लोटा परत देला, अन् म्हणाला, "मंग सांजच्या आधी निघा लागंन. उजेडात काटा दिसते."