मान हलवायचा शॉट

"आणखी एकदा हलव," कॅमेरामन पीटर म्हणाला. मी मान हलवली.

मानोरा गावाजवळच्या एका बंजारा तांड्यावर, लिंबाखाली. समोर बाजेवर नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख. मागे सगळा तांडा बसलेला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी परदेशी टीव्हीवर बातम्या वाचायचे. मूळची त्याच भागातल्या रिसोडच्या दुकानदाराची पोर, म्हणून बॉसनं मलाच धाडलं. बातमी अशी, की दिवाळी झाली की ही माणसं घरं बंद करून कामासाठी दूर का जातात.

आता हा शॉट समजून घ्या. आमच्याकडे कॅमेरा एकच. मुलाखतीत तो उत्तर देणाऱ्यावर असतो. मुलाखत संपली की तो माझ्याकडे वळवायचा आणि मी, ऐकतेय असं दाखवत, नुसतीच गंभीरपणे वर-खाली मान हलवायची. एडिटिंगमध्ये ते तुकडे मध्ये जोडतात. आम्ही त्याला 'नॉडी' म्हणतो. माझी नजर बरोबर दिसावी म्हणून समोरच्यानं काहीबाही बोलत राहायचं. ते ऐकतं कोण! मी तर मुंबईच्या विमानाच्या काळजीत होते. रीळ वेळेत पोचलं नाही तर नोकरीचं काही खरं नव्हतं.

आम्ही सामान आवरत होतो, तेवढ्यात माणसं न्यायला मुकादमाचा ट्रक आला आणि रिकामाच परत गेला. बायांनी बांधलेली गाठोडी सोडायला घेतली. मी नाईकांना विचारलं, "हे काय?"

"तुमीच तं हो म्हनलं, बाई."

"मी? कधी?"

"मी इचारलं, इहिरीचं सरकारी काम आनून देसान का, मंग आमी जात नाई. तुमी मान हालवली. दोन-तीन खेपा हालवली. बैठकीत पाव्हण्यानं मान हालवली म्हंजे जबान देली."

ट्रक गेला म्हणजे वर्षाची मजुरी गेली. "नाईक, ते शूटिंग होतं. मी ऐकतच नव्हते."

"मंग मान कायले हालवून राह्यल्या होत्या?"

पीटरवर खेकसले, तर म्हणे शॉट फार सुंदर आलाय.

नाईकांना जीपमध्ये घातलं आणि तडक तालुक्याच्या कचेरीत साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "प्रस्ताव वर पाठवलाय, मॅडम." विषय संपला.

"पीटर, कॅमेरा लाव."

"रीळ संपलंय," तो इंग्रजीत पुटपुटला.

"लाव म्हटलं ना."

मोटर घरघरली. साहेबांनी कॉलर नीट केली. मी विचारलं, "तांड्याची विहीर खोल करायचं काम या आठवड्यात सुरू होणार ना?"

लेन्सकडे बघत साहेबांनी अगदी भारदस्तपणे मान हलवली.

नाईक उठलेच. "राम राम सायेब. उद्या टिकास-फावडे घेऊन येतो."

"अहो, मी फक्त..."

"मान हालवली ना सायेब तुमी."

दुसऱ्या दिवशी अख्खा तांडा कचेरीच्या अंगणात येऊन बसला. आठवडाभर हलला नाही. शेवटी साहेबांनी वर भांडून मंजुरी आणली. मी परत गेल्यावर हे सगळं वडिलांनी रिसोडहून पत्रानं कळवलं; विहिरीला पाणीही लागलं होतं.

इकडे बॉसनं नाईकांचं बोलणं बरंचसं कापलं आणि माझी मान तेवढी ठेवली. तेव्हा जे डोकं फिरलं, ते पुढे नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली तेव्हाच जाग्यावर आलं. आमच्याकडे नॉडी घेत नाहीत. नवीन पोरं कारण विचारतात. मी सांगते, मान हलवली की विहीर खणून द्यावी लागते.