काळं पडलेलं तूप

दाजी गेल्याचा निरोप लोणावळ्याहून आलेल्या एका ओळखीच्या गार्डाने तळेगावच्या दवाखान्यात आणून दिला. मी कंपाउंडर; खिडकीशी हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या बांधत होतो. ‘तुमचे मेहुणे सकाळी गेले,’ एवढंच तो म्हणाला. हातातली पुडी मी नीट दुमडली, पुढच्या माणसाला दिली, आणि मग खिडकी लावून घेतली. त्याला आता दीड महिना झाला. दाजींबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ भेटले, मीही बोललो. पण एक गोष्ट मी त्यांच्यापासून जन्मभर लपवली, आणि ती सोडून त्यांच्याविषयी काही लिहिणं ही शुद्ध लबाडी होईल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मूळचे नवलाख उंब्रे गावचे. घरची भातशेती, भावकीत मान. काशाच्या वाटीने तळपाय घासायला ते आईकडून शिकले. तसं हे घरोघरी चालतं. तळव्याला तूप लावायचं, वाटी फिरवत राहायची, तूप काळं पडलं की अंगातली उष्णता निघाली म्हणायचं. दाजींनी मात्र त्याचाच धंदा करायचं मनावर घेतलं आणि लोणावळ्याला बाजारामागे एक खोली घेतली. लोकांचे पाय चोळून पोट भरणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं म्हणून भावांनी त्यांना लग्नकार्यात बोलावणं बंद केलं. दाजींनी एकदाच उत्तर दिलं, “बैलाच्या पायात काटा गेला तर बसताच की खाली. मानसाच्या पायाशी बसलो तर काय बिघडलं?”

हात मात्र सोन्याचा. हवा खायला आलेल्या शेठांपासून रेल्वेच्या गँगमनपर्यंत सगळे त्या खोलीत पाय धुऊन सारख्याच पाटावर बसत. तळव्यावर अंगठा दाबत दाजी सांगायचे, इथं दुखतंय म्हणजे पोट साफ नाही, इथं कचकचतंय म्हणजे डोक्याला घोर आहे. निम्मं खरं निघायचं. उरलेलं निम्मं लोक विसरून जात. मी त्यांची चेष्टा करायचो, पण तिथून उठताना माणूस हलका होऊन जातो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा ते मला म्हणाले होते, तू दवाखान्यातला, यात काही खोटं असलं तर सांग बाबा. मी हसण्यावारी नेलं. पण पुढे एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा मी सहज रिकाम्या पाटावर तूप लावून वाटी घासली. तूप तसंच काळं पडलं. लाकडाच्या अंगात कसली उष्णता! पाट पुसला आणि गप्प बसलो. ज्या गोष्टीपायी माणसाने भाऊ सोडले, ती खोटी आहे असं त्याला कोण सांगणार?

पुढच्याच पावसाळ्यात त्यांची गोदी तापली. नऊ वर्षांची, एकुलती एक लेक. मी तिसऱ्या दिवशी गेलो. दाजी तिचे तळपाय घेऊन बसले होते, आणि ताप खरंच उतरला होता. मला ठाऊक होतं, हा हिवताप, पाळीने चढतो आणि पाळीने उतरतो. डॉक्टरांना दाखवू या, एवढं मी पुटपुटलो. दाजींनी काळं झालेलं बोट माझ्यापुढे धरलं. “बग, किती आग निघालीया. आता कशाला डाक्टर?” त्यांचा चेहरा इतका आनंदात होता... मी पाटाची गोष्ट बोललो नाही. पुड्या माझ्या खिशात होत्या, त्या तशाच परत नेल्या. दोन दिवसांनी ताप चढला तो उतरलाच नाही. तिला पोचवून आलो तेव्हाही तिच्या तळव्यांचा काळा डाग माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

महिनाभराने गेलो तर दाजी एकटेच बसले होते. पाटावर काळं पडलेलं तूप, हातात वाटी. वर न बघता त्यांनी विचारलं, “गणपत, तुला ह्ये ठावं व्हतं?”

मी म्हणालो, नाही.

त्यांनी मान हलवली आणि पाट पुसायला घेतला. त्यानंतर वीस-बावीस वर्षं त्यांनी धंदा सोडला नाही, पण तापलेल्या पायाला कधी हात लावला नाही. अंग गरम लागलं की माणसाला उठवून स्वतः डॉक्टरांच्या दारापर्यंत नेऊन सोडायचे. लोक म्हणत, म्हाताऱ्याला माज आलाय. माझ्याशी वागण्यात मात्र काडीचा फरक पडला नाही, आणि तेच मला जास्त सोसवत नसे. त्यांना शेवटचा ताप आला तेव्हा मीच औषध दिलं. त्यांनी मुकाट्याने घेतलं. यावेळी औषधाचा काही उपयोग झाला नाही.

आक्का अजून त्याच खोलीत राहते. सवयीने कुणी ना कुणी येतं, बाहेर पाय धुतं आणि मग आठवण होऊन ओशाळं होतं. गोदीच्या मरणाचा दोष तिने नवऱ्याच्या माथी मारला होता. इतकी वर्षं ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली, आणि त्यांनीही ते मुकाट्याने सोसलं. दाजींवर मी काही लिहितोय हे तिला कळलंय. तिला अक्षरओळख नाही. येत्या रविवारी येऊन तूच मला वाचून दाखव, असा तिने निरोप धाडलाय.