मामंजींची दोन चिरुटांची पुडी

आमच्या घरात किरकोळ असं काही येतच नसे. सासूबाईंची खानावळ होती, लालबागला, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. जेवायला चौदा गिरणीकामगार, सगळे कोकणातले, बायकामुलं गावाला ठेवून आलेले. त्यामुळे तांदूळ यायचा तो गोणीने, मिरच्या यायच्या त्या पोत्याने आणि सुकट यायची ती टोपलीने. पावशेर, छटाक हे शब्द सासूबाईंना शिवीसारखे लागत. "एकदाच काय ता भरून हाडा नि विसरा," असं त्यांचं म्हणणं. बाजारातून कुणी चार लिंबं घेऊन आलं तर त्या विचारायच्या, "कोण आजारी आसा?"

अशा घरात एकच वस्तू पुडीने यायची, ती म्हणजे मामंजींचे चिरूट. मामंजी म्हणजे माझे सासरे. माझगावच्या गोदीत मुकादम होते. तिथेच कुणा बोटीवरच्या माणसाने कधीतरी चिरूट हातात ठेवला आणि सवय लागली ती लागलीच. बाकी सगळी चाळ विडी ओढायची. चिरूट म्हणजे तंबाखूच्या पानांची काळपट, अंगठ्याएवढी जाड गुंडाळी. वास असा की ते पेटवायला लागले की शेजारीण दार लोटून घ्यायची. पुढे गोदीत पायावर ओझं पडलं, उजवा गुडघा वाकेनासा झाला, तीन जिने उतरणं बंद झालं. मग गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, आणि चिरूट आणायचं काम माझ्याकडे आलं.

आता सूनबाई तंबाखूच्या दुकानात कशी जाईल, असं तुम्ही म्हणाल. तर दुकान होतं काळाचौकीच्या एका गल्लीत, आणि गल्ल्यावर बसायची एक म्हातारी गोवेकर बाई. पाव, मेणबत्त्या, व्हिनेगर आणि चिरूट. बाईच बसते म्हटल्यावर सासूबाईंची ना नव्हती. त्या बाईकडे चिरूट दोन तऱ्हेने मिळायचे. पन्नासांची लाकडी पेटी, झाकणावर रंगीत चित्र, उघडली की आत पातळ कागद. नाहीतर कागदात गुंडाळून सुटे, दोन, चार, म्हणाल तेवढे. ती मला नेहमी टोमणा मारायची, "तुजो मांव पेटी कित्याक घेना गो?" तुझा सासरा पेटी का घेत नाही म्हणून. मी हसायची. सासूबाईही हेच विचारायच्या, पण हसून नाही.

मामंजी म्हणायचे, "चिरूट म्हणजे पालेभाजी. ताजाच बरा. पेटी घरात राहिली की दमट हवेने बुरशी धरते."

"तुमकाच बुरशी धरलेली आसा, बसून बसून," सासूबाई चुलीजवळून उत्तर द्यायच्या.

पण पुढे पुढे खरं कारण बुरशी राहिलं नाही. ते कारण मी होते. कसं ते सांगते.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. रोज काहीतरी पत्रक यायचं, सभेचं नाहीतर हरताळाचं. खानावळीचे गडी खिशातून आणायचे, मामंजी गॅलरीत मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि अख्खा मजला गोळा व्हायचा. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मला कागद म्हणजे डब्याखाली घालायची वस्तू. एकदा सकाळी मी अशाच एका कागदावर चूल पेटवली. मामंजींनी तो अजून वाचलाही नव्हता. त्यांनी विचारलं, "काय लिहिलं होतं गं त्यात?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? लाल शाई होती."

रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. चार वाजता मला गॅलरीत बोलावलं. म्हणाले, "चिरूटवालीच्या पुढच्या गल्लीत व्यायामशाळा आहे ना, तिथे बायकांना लिहावाचायला शिकवतात. पाच ते सहा. रोज."

"आई सोडायच्या नाहीत." खरंच होतं ते. संध्याकाळची भाकरी चौदा जणांची असायची, आणि दोन हात कमी झाले तर सासूबाईंनी करायचं तरी काय?

"तुला वर्गाला कोण पाठवतंय? तू चिरूट आणायला जातेयस. आठची पुडी दोन दिवस पुरते. आजपासून दोनचीच आण. म्हणजे रोज जावं लागेल." मग म्हणाले, "आणि त्या बाईकडे फार गर्दी असते असं मी ऐकलंय. तास दीड तास मोडतो."

त्या बाईकडे गर्दी कसली! मांजर तेवढं असायचं. पण दुसऱ्या दिवसापासून गर्दी झाली ती झालीच. मी दुपारीच पीठ चाळून, कांदा चिरून ठेवायची, धावत सुटायची, वर्गातून परतताना पुडी घ्यायची आणि घरी येऊन तव्यापुढे बसायची. मामंजी आधी तीन-चार चिरूट ओढायचे, ते दोनांवर आले. त्याचीही त्यांनी कधी कुरकूर केली नाही. संचारबंदी लागायची तेव्हा दुकानही बंद, वर्गही बंद. तेव्हा ते रिकामा कागद हुंगत बसायचे आणि मला विचारायचे, "काल कुठवर आलं होतं?"

एक दिवस जाता जाता गिरणीच्या भिंतीवर चुन्याने लिहिलेलं मी वाचलं. महाराष्ट्र हा शब्द वाचला मी, अख्खा, न अडखळता. आणि रस्त्यातच थांबले. मागून येणारी भाजीवाली अंगावर आदळली, म्हणाली, "बाय, देव दिसला काय?" काय सांगायचं तिला!

मग चूक झाली ती माझीच. वर्गातल्या मास्तरीणबाईंनी एकदा सगळ्यांना एकेक पोस्टकार्ड दिलं. म्हणाल्या, आता फळ्यावरचं बास, आपापल्या माणसाला खरं पत्र लिहा, मी टपालपेटीत टाकते. मी कुणाला लिहिणार? माहेरी वाचणारं कुणी नव्हतं. माझा धाकटा दीर बोटीवर खलाशी होता, त्याच्या कंपनीचा पत्ता मामंजींनी माझ्याकडून पाठ करून घेतलेला होता. त्याला लिहिलं. आम्ही सर्व ठीक. तुमच्या दादांची गिरणीतली पाळी बदलली. मामंजींचा पाय आहे तसाच. एवढं झाल्यावर थोडी जागा उरली. माझ्या मनात मामंजींबद्दल इतकं साठलं होतं, पण ते लिहायचं कसं ते मला येत नव्हतं. मग मी लिहिलं, येताना मामंजींसाठी चिरुटांची मोठी पेटी आणा.

आपण काय लिहून बसलो हे माझ्या लक्षातच आलं नाही बघा. मला वाटलं, त्या माणसाने माझ्यासाठी दोनांवर भागवलं, त्याला एकदा पोटभर ओढायला मिळू दे.

तीन महिन्यांनी दीर आला. सामान खाली ठेवताच त्याने ट्रंकेतून पेटी काढली. गोवेकर बाईकडे होती तिच्याहून मोठी, पितळी कडीची. आणि दुसऱ्या हाताने माझं पोस्टकार्ड. "वयनी, पत्र लिवलंस तू! माका पयलां वाटला, कोणाकडून तरी लिवून घेतलंस. मग खाली तुजी सही बघलंय!" आणि सगळं पत्र त्याने तिथेच उभ्याने मोठ्याने वाचलं. जेवायला बसलेले गडी वाहवा करायला लागले. मी भिंतीत शिरायची जागा शोधत होते.

सासूबाई भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या. "खंय शिकलंस?" मला खोटं बोलता आलं नाही. सांगितलं. पुडीचं, वर्गाचं, सगळं. त्यांनी एकदा मामंजींकडे पाहिलं, एकदा पेटीकडे.

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "लिवक शिकलंस, पत्र पोचला, आता आणखी काय शिकूचा आसा? चिरूट पण घरात इले. उद्यापासून पाच वाजता भाकरीक बस."

"आणि पुढल्या खेपेक आणखी एक हाडतंय!" दीर बिचारा उत्साहात म्हणाला. त्याला काय माहीत?

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कुणाला दोष देणार? मीच मागवलेली पेटी. आमचं पुस्तक अर्धं व्हायचं होतं अजून. मला शब्द वाचता यायचे, पण वाक्य मोठं असलं की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायची. इथे थांबले असते तर दोन वर्षांत सगळं पुसून गेलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मामंजी तर पेटी मांडीवर घेऊन बसले होते, झाकण उघडायचे, वास घ्यायचे, बंद करायचे. मला वाटलं, हरखलेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा होती. गडी लवकर जेवून निघणार होते. मी चुलीपुढे होते. हात धुऊन एकेक जण गॅलरीत गेला आणि मामंजींचा आवाज आला, "ये, घे एक. माझ्या पोराने विलायतेहून आणलेत." विलायतेहून कसले, कोलंबोहून आणलेले. पण विडी ओढणाऱ्यांना काय, प्रत्येकाने एकेक घेतला. मामंजी म्हणाले, "एक काय घेतोस? खिशात ठेव एक, सभेत लागेल." मग शेजारच्या खोल्यांतली माणसं आली. मग खालच्या मजल्यावरची. मग पेटवापेटवी सुरू झाली.

विडीसारखा झुरका मारून कुणी चिरूट ओढतं का? वीस-बावीस माणसं एकदम खोकायला लागली. धूर असा की समोरची चाळ दिसेना. एक गडी डोळे पुसत म्हणाला, "मामा, ह्या काय, गिरणीचा धुराडा?" दुसरा म्हणाला, "गप ओढ. आज आपण साहेब." आणि ते सगळे साहेब तोंडात चिरूट धरून, खोकत, घोषणा देत जिना उतरले. खाली नाक्यावरचा पोलीस तोंड उघडं टाकून बघत राहिला, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

दीर हिरमुसला. त्याने हौसेने आणलेली पेटी एका संध्याकाळी रिकामी. मामंजींनी त्याला जवळ बसवलं. "तुझी पेटी वाया नाही गेली रे. गोदीत होतो तेव्हा चार माणसांना काही देण्याची ऐपत होती माझी. पाय गेल्यापासून नुसतं घेतच होतो. आज खूप दिवसांनी दिलं." मग माझ्याकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, चिरूट संपले. उद्या दोन आणशील?"

सासूबाई डोळे चोळत दारात उभ्या होत्या. धुराने की कशाने, देव जाणे. मला वाटलं आता भडका उडणार. त्या एवढंच म्हणाल्या, "जा गो बाय, जा उद्या. नायतर ह्यो म्हातारो माजी भांडी पण वाटून टाकतलो."

आज चष्मा लावून मी जे काही वाचते, आणि हे जे तुमच्यापुढे मांडतेय, त्यात शाळेचा वाटा काहीच नाही. तो त्या खुर्चीतल्या माणसाचा आहे. पण पुढचं सांगितलं नाही तर सासूबाईंवर अन्याय होईल.

दीर बोटीवर परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सुकट निवडत होतो. सासूबाई मान खाली घालूनच म्हणाल्या, "तुज्या पत्रात सगळ्यांची खुशाली होती. माजी खंय होती?"

खरंच नव्हती. मामंजींचा पाय होता, नवऱ्याची पाळी होती, चिरूट होते. जी बाई पहाटेपासून चौदा जणांसाठी उभी राहायची, ती माझ्या पहिल्या पत्रात कुठेच नव्हती. आम्ही सर्व ठीक, त्यातच तिला मी कोंबली होती. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले होते, ते वर्गामुळे नव्हतेच.

त्या दिवशी वर्गातून येताना मी पोस्टकार्ड घेऊन आले. रात्रीची उठबस संपल्यावर त्यांच्यासमोर बसले. "आई, सांगा. काय लिहू?"

एरवी त्यांच्या तोंडाला विसावा नसे. चौदा माणसांना एका आवाजात जेवायला बसवणारी बाई. आता पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसल्या. मी टाक बुडवून वाट बघत होते, शाई वाळली, परत बुडवला. शेवटी म्हणाल्या, "लिव. तू बोटीर काय खातंस?"

मी लिहिलं. "पुढे?"

"फुडे काय नाय. माका ताच इचारूचा होता." मग कार्डाकडे वाकून बघत म्हणाल्या, "खंय आसा ता? वाच बघू."

मी वाचलं.

"परत वाच," त्या म्हणाल्या.