हाक न मारणारा पायलट

मागे आग लागली तरी 'तुमचं चालू द्या, मी बघतो' असं म्हणेल, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका पायलट व्हायला निघाला होता. आमच्या वरच्या खोलीतला मुलगा तो. गंगापूर रोडला आमचं घर आहे. वर एक खोली आणि गच्ची, आणि ती खोली आम्ही शिकणाऱ्या मुलांनाच देतो. आजवर इंजिनिअर झाले, फार्मसीवाले झाले, एक तबला शिकणारा होता, त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही. पायलट मात्र पहिलाच. त्याच्या वडिलांनी फोनवर "पोरगं विमानाचं शिकतंय" म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गॉगल, टोपी, खांद्यावर सोनेरी पट्ट्या असं सगळं येऊन गेलं. संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं, तर स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून एक लाजरं पोर उभं, पायाशी द्राक्षांची पेटी. "कधी आलास रे?" म्हटलं. म्हणाला, "मघाशी." "मग बेल नाही का वाजवायची?" तर म्हणतो कसा, "म्हटलं, असाल कामात."

मूळचा पिंपळगाव बसवंतचा. वडिलांचं तिथे द्राक्षांचं पॅकहाउस आणि चार-दोन टेम्पो. वडिलांचा आवाज असा, की कांद्याच्या लिलावात उभे राहिले तर माइक लागू नये. त्यांच्या पोटी हे असं मुकं पोर कसं आलं, याचं गाव आश्चर्य करत असे म्हणे. उडायला तो खानदेशात एका फ्लाइंग स्कूलला जायचा आणि पेपर आले, विमान बिघडलं किंवा शिकवणारे सर नोकरी सोडून गेले, की बॅग घेऊन आमच्याकडे अभ्यासाला परत. पायलट होणं म्हणजे बरंचसं वाट बघणं असतं, हे मला त्याच्यामुळे कळलं. हवा चांगली असली की विमान नसतं, विमान असलं की सर नसतात, आणि सगळं जमून आलं की रनवेवर कुत्रं येऊन बसतं. एकदा आठवडाभर तयार होऊन बसला होता आणि रोज धुकं. मी चिडले, तो नाही. "हवा हे काकू, तिला कोण काय म्हणणार."

सवयी एकेक बघण्यासारख्या. विमानात बसायच्या आधी त्याला सगळीकडून फिरून, हात लावून बघायचं असतं म्हणे, काही सुटलंय का, गळतंय का. ही सवय जमिनीवरही सुटेना. माझी स्कूटी भाजी आणायला न्यायची तरी आधी तिच्याभोवती संथपणे एक फेरी. टायर दाबायचा, आरसा हलवायचा, वाकून खाली बघायचं, मग डावीकडे मान, उजवीकडे मान, आणि मग पुटपुटत किल्ली फिरवायची. समोरच्या आजी काही दिवस हे बघत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "मुलगा भाविक आहे हो तुमचा. पण गाडीची रोज प्रदक्षिणा, म्हणजे जरा जास्तच." मी हसले. पण एकदा त्या फेरीत त्याला चाकापाशी आजींचीच मांजर निजलेली सापडली. तेव्हापासून आजी त्याला आपल्या हातचं लोणचं पाठवायला लागल्या.

दुसरी सवय मात्र मला फार आवडायची. विमानाशी जमिनीवरून बोलणारा जो टॉवर असतो, तो जे सांगेल ते पायलटने आधी जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे नीट ऐकलंय हे टॉवरला कळतं. रीडबॅक म्हणतात त्याला. हा घरातही रीडबॅक करायचा. मी म्हणायचे, "येताना कोथिंबीर आण, जुडी कोवळी बघ." हा दारातून, "येताना कोथिंबीर, जुडी कोवळी." एकदा मी देवघरातून ओरडले, "अरे दूध उतू जातंय, गॅस बंद कर." तो ओट्यापाशीच होता. शांतपणे म्हणाला, "दूध उतू जातंय, गॅस बंद करतो," आणि त्याचं म्हणून होईपर्यंत अर्धं दूध ओट्यावर. पण मी रागावले नाही. कारण सांगते. आमचे हे अंबडच्या कंपनीत आयुष्यभर मशीनच्या खडखडाटात उभे राहिले. त्यांना ऐकू उत्तम येतं, ऐकायची सवय तेवढी गेली. मी तासभर बोलले तर पेपरामागून एक 'हं' येतो, आणि तोही कधी कधी पेपरातल्या बातमीला असतो. अशा घरात आपलं बोलणं कोणीतरी शब्दन् शब्द परत म्हणतंय, याचं सुख ज्यांना कोणी ऐकत नाही त्यांनाच कळेल.

परत म्हणण्यात पक्का, पण आपणहून एक शब्द नाही. भूक लागली, थंडी वाजली, ताप आला, कुणाला म्हणून सांगायचं नाही. पहिल्याच हिवाळ्यात गच्चीचं दार वाऱ्याने आपटून आतून कडी पडली आणि हा बाहेर अडकला. खाली आमची सिरीयल चालू. मी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले, तर हा माझ्या दोन साड्या अंगाभोवती गुंडाळून टाकीला टेकून बसलेला, दात वाजतायत. "अरे, हाक का नाही मारलीस?" "सिरीयल रंगली होती ना तुमची. आवाज येत होता."

ही गोष्ट मी हसून शेजारीपाजारी सांगत होते, तोवर पुढची कानावर आली आणि हसू थांबलं. एकट्याने विमान घेऊन लांबच्या गावी जाऊन परत यायचं, असा त्याचा एक धडा होता. परतताना धुरकट हवेत वाट चुकली. टॉवरला नुसतं विचारलं असतं तर त्यांनी दिशा सांगितली असती, तेच तर त्यांचं काम. पण याला वाटलं, उगाच कशाला त्रास. मग खाली मुंबई-आग्रा हायवे दिसला. त्या रस्त्याने वडिलांचे टेम्पो जायचे, लहानपणी त्यांत बसून तो शंभरदा गेलेला. कांद्याच्या गाड्यांची रांग बघत बघत त्याने विमान परत आणलं. मला म्हणाला, "काकू, टेम्पो लय कामी आले." सरांना मात्र याचं कौतुक नव्हतं. ते म्हणाले, "विमान चालवायला तुला येतं. मदत मागायला येत नाही. ते येईपर्यंत मी तुला एकटं सोडणार नाही."

आणि तेच नेमकं परीक्षेत अडलं. लायसन्ससाठी रेडिओवर बोलण्याची परीक्षा असते. समोर परीक्षक बसतात, तुझ्या विमानाला आता असं असं झालं म्हणतात, आणि आपण रेडिओवर बोलतोय असं समजून बोलायचं. बाकीचे पेपर याने पहिल्या फटक्यात काढलेले, ढग, वारे, नकाशे, नियम, सगळे. इथे परीक्षक म्हणाले, "तुझ्या इंजिनाला आग लागली आहे. बोल." हा घसा खाकरून इंग्रजीत म्हणाला, "सर, तुम्ही मोकळे असाल तर एक सांगायचं होतं." नापास. दुसऱ्या खेपेला आग नव्हती, इंजिनच बंद पडलं होतं. तेव्हा तो काहीच बोलला नाही. परीक्षकांनी वाट बघितली, आणि काल्पनिक विमान काल्पनिक शेतात पडलं.

त्या आठवड्यात वडील टेम्पो घेऊन आले. चहा घेता घेता म्हणाले, "ताई, दोन वर्षं झाली. याच्या बरोबरची पोरं विमानं उडवाया लागली. या खेपेला नाय झालं तर सीझनला पॅकहाउसवर ये म्हणलं. पेट्या मोजायला तोंड लागत नाय." तो बाजूला उभा होता. खाली मान घालून म्हणाला, "या खेपेला नाही झालं तर सीझनला पॅकहाउस." रीडबॅक. पण या वेळी मला ते ऐकवेना.

ते गेल्यावर मी त्याला समोर बसवलं. "अडचण आली की काय म्हणायचं असतं रे तुमच्यात?" म्हणाला, आधी तीनदा 'मेडे' म्हणायचं, मग आपण कोण, काय झालंय, काय करायचा विचार आहे, कुठे आहोत, विमानात माणसं किती. म्हटलं, "झालं तर. आजपासून या घरात तुला कोणी आपणहून वाढणार नाही. हवं असेल तर मेडे." तो म्हणाला, "पण परीक्षा इंग्रजीत असती, काकू." मी म्हटलं, "भूक मराठीत लागते. आधी तिला तोंड फुटू दे."

पहिल्या दिवशी भरीत होतं. त्याची भाकरी संपली. रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. आमचे हे म्हणाले, "अगं, वाढ की त्याला." "त्याने मागितलं नाही." तो उठला, ताट घासून ठेवलं, "भरीत छान झालं होतं, काकू," म्हणाला आणि वर गेला. मलाच घास उतरेना. दुसऱ्या दिवशी आमटीच्या वेळी ओठ हलल्यासारखे वाटले. "टॉवरला काही ऐकू आलं नाही," मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी मुद्दाम पुरणपोळी केली. एक खाऊन झाली, तव्यावरच्या तुपाचा वास घरभर, आणि मग भिंतीकडे तोंड करून, पण स्पष्ट आलं, "मेडे, मेडे, मेडे. वरची खोली. पोळी संपलीय. अजून एक खायचा विचार हे. जागा, खिडकीजवळची खुर्ची. माणसं, एक." मी म्हटलं, "वरची खोली, तुमची मेडे मिळाली. पोळी निघाली, तुपासकट." माझे डोळे भरून आले ते धुराने नव्हते, घरात गॅस आहे.

मग सुटलाच. मीठ हवं मेडे, पंखा बंद करायचाय मेडे. हळूहळू इंग्रजीतही. आमच्या ह्यांनी मधेच पेपर खाली करून, "ताक संपवलं की काय यानं?" असं विचारलं, म्हणजे तेही ऐकायला लागले होते.

परीक्षेच्या आधीचा रविवार. मी व्हरांड्यात समोरच्या आजींबरोबर मेथी निवडत होते. फाटकाशी टेम्पो थांबला, त्यातून वडील उतरत होते, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला. आवाज कसला, अख्ख्या गल्लीने खिडक्या उघडल्या. "मेडे, मेडे, मेडे. अपस्टेअर्स रूम. डोअर लॅच जॅम्ड. अनेबल टू कम आउट. वेटिंग फॉर हेल्प. पोझिशन, बाथरूम, फर्स्ट फ्लोअर. वन पर्सन ऑन बोर्ड. सोप इन आईज." भाजीवाला हातगाडी सोडून वर बघायला लागला. आजी म्हणाल्या, "विमान पडलं का कुठे?" आणि आमचे हे, ज्यांना खुर्चीतून उठवायला मला दोनदा चहा करावा लागतो, ते पेपर टाकून उभे राहिले, खणातून पेचकस काढला आणि जिन्याकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "बाथरूम, पहिला मजला, एक माणूस. येतोय."

वडील फाटकातच उभे होते. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. कडी निघाल्याचा आवाज आला, वर हशा झाला, तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हा माझा आवाज हे. लिलावातला. आजवर मला वाटायचं, पोरगं आईवर गेलं." पॅकहाउसचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही. द्राक्षांची पेटी ठेवली, आणि जाताना पोराच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

तिसऱ्या खेपेला तो पास झाला. परीक्षक एवढंच म्हणाले म्हणे की, "जरा हळू बोला." सरांनी एकट्याला सोडलं, उडण्याचे तास पुरे झाले, लायसन्स हातात आलं. मग नोकरी मिळेपर्यंत कितीतरी दिवस आमच्या गच्चीवर बसून त्याने माझ्या शेंगा फोडून दिल्या. वडील म्हणायचे, "विमानाचं लायसन घेऊन शेंगा फोडतंय," पण आता त्यात कडूपणा नव्हता. आणि एक दिवस बोलावणं आलं. आता तो दूर कोलकात्याला असतो, कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. वरच्या खोलीत नवा मुलगा आलाय, चांगला आहे, पण कानात दिवसभर इअरफोनची बोंडं घालून असतो. कोथिंबीर सांगितली तर मान हलवतो आणि पुदिना आणतो.

परवा दुपारी फोन वाजला. उचलला, तर पलीकडे गप्प. म्हटलं, चुकून लागला असेल. मग आवाज आला, मोठा नव्हता, पण स्पष्ट होता.

"मेडे, मेडे, मेडे. वरची खोली."

"बोल रे. काय झालं?"

"काय नाय काकू, घाबरू नका, जमिनीवरच हे. चार दिवस सुट्टी मिळालीय. इथं सगळं चांगलं हे, पण जेवताना कोणी बोलत नाय. रविवारी तिकडं यायचा विचार हे. माणसं, एक. आमटी मिळेल का?"

आयुष्यभर लोकांना सांगत आले, पण परत म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. खुर्चीत सरळ बसून म्हटलं, "रविवारी येतोस. माणसं एक. आमटी करते."

"रीडबॅक करेक्ट," तो म्हणाला.

फोन बंद झाला. त्यांच्यात शेवटी 'ठेवतो' म्हणत नाहीत, काम झालं की गप्प होतात, हे त्यानेच मला सांगितलं होतं. तरी मी थोडा वेळ फोन कानाशी धरून बसले. पेपरामागून आवाज आला, "रविवारी आमटी."