तेरा, चौदा, पंधरा

आठवीला बीजगणित शिकवणारे सर आणि मी, आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं. सर सातारच्या पेठेतले. बदली होऊन वडूजच्या पुढं, आमच्या कुसळं उगवणाऱ्या माळावर आले, आणि ती बदली जणू मीच करून घेतली असल्यासारखे पहिल्या दिवसापासून माझ्यावर खार खाऊन होते. मीही काही गरीब गाय नव्हते. आता माझे गुडघे गेले, नातवंडं शाळेत जातात, तरी त्या माणसाची आठवण निघाली की माझं डोकं तापतं. सून म्हणते, "जाऊ द्या की आता, किती वर्षं झाली." का जाऊ द्यायचं? त्यांनी कुठं जाऊ दिलं होतं?

आमचं घर मेंढरांचं. आबा दिवाळी झाली की कळप घेऊन खाली कृष्णाकाठाला जायचे. कराडापासून सांगलीपर्यंत उसाच्या पट्ट्यात, ज्याच्या रानात बोलावतील त्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. आधी आम्ही पोरंही बरोबरच असायचो. कोयनेच्या भूकंपाच्या पुढच्या साली आमच्या कोरडवाहू तुकड्यातल्या विहिरीला पाणी लागलं आणि आई म्हणाली, "मी आता पोरं घेऊन हितंच ऱ्हाणार." मग आबांबरोबर चुलती आणि एक गडी एवढेच जायला लागले.

त्याच जूनमध्ये आबा आम्हा तिघांना एकदमच शाळेत घालायला घेऊन गेले. पहिलीच्या गुरुजींनी रजिस्टर उघडलं आणि मान वर न करता विचारलं, "जन्म कवाचा?" आबा म्हणाले, "आता त्ये कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय, गुरुजी?" त्या वेळी आमच्याकडं निम्म्या गावाचा जन्म एक जूनचाच असायचा. शाळेला सोयीचं पडावं म्हणून गुरुजी तीच तारीख ठोकून द्यायचे. आम्हा तिघांनाही एक जूनच मिळाला, फक्त सालं एकापुढं एक लावली. आणि पोरगे आधी! माझ्या पाठचा भाऊ आठ वर्षांचा झाला. त्याच्या पाठचा धाकटा सात वर्षांचा झाला. मी पोरगी, म्हणून शेवटी. मला सहा.

खरं सांगते, मी तिघांत थोरली. मला नऊ होती, मधल्याला सात आणि धाकट्याला पाच. धाकट्याला तर मी कडेवर घेऊन शाळेत गेले होते, चालून दमला होता म्हणून. ज्याला कडेवर घेऊन गेले, त्याच्यापेक्षा मी एक वर्षानं लहान होऊन घरी आले. मी तिथंच म्हणाले, "गुरुजी, मी थोरली हाय." गुरुजी म्हणाले, "गप बस." आबा म्हणाले, "लिवू दे गं त्यास्नी. काय फरक पडतोय?"

सात वर्षं काही फरक पडला नाही. तिघंही एकाच वर्गात वर चढत आठवीला आलो. मधला बेताचा हुशार. धाकट्याच्या डोक्यात काही शिरायचं नाही, पण अंगानं थोराड निघाला होता, मिसरूड नसलेला पैलवान. मी काटकुळी, ठेंगणी आणि तोंडाळ.

सरांनी क्रमागत संख्या शिकवायला घेतल्या त्या दिवशी हजेरीपट उघडला आणि त्यांना आमची वयं दिसली. तेरा, चौदा, पंधरा. केवढा आनंद झाला त्या माणसाला! आम्हा तिघांना फळ्यापुढं ओळीनं उभं केलं आणि छडीनं एकेकाच्या खांद्याला टोचत म्हणाले, "हे बघा, क्रमागत पूर्णांक. मेंढपाळाच्या घरातसुद्धा गणित असतं." वर्ग खिदळला. मी म्हणाले, "सर, ते रजिस्टरात चुकलंय. मी सोळाची हाय. ह्यो बाराचा हाय." सर म्हणाले, "सोळाची? मग आठवीत काय करतेस? तुझ्या लग्नाला उशीर झाला की गं." पोरं बाकं बडवायला लागली. त्या दिवसापासून शाळेत आम्हाला कुणी नावानं हाक मारली नाही. पाणी प्यायला गेलं तरी मागून यायचं, "आली बघ क्रमागत."

त्यात आमची रीत जुळेना. तीन क्रमागत संख्यांची बेरीज दिली आणि संख्या काढायला सांगितल्या, की सर सगळ्यांत लहान संख्या क्ष मानायचे. मग क्ष अधिक एक, क्ष अधिक दोन, सगळ्यांची बेरीज करा, तीन वजा करा, तीननं भागा. मी मधली संख्या क्ष मानायचे. एक तिच्याहून एकनं कमी, एक तिच्याहून एकनं जास्त. तीन भावंडांत भुईमुगाच्या शेंगा वाटताना आई हेच करायची, जास्तीच्या ओंजळीतली एक काढून कमीच्या ओंजळीत टाकायची, की तिघांच्या सारख्या. बेरजेला तीननं भागलं की मधली संख्या हातात! फळ्यावर सरांचं निम्मं होईपर्यंत माझं उत्तर तयार असायचं. सर म्हणायचे, "पुस्तकात असं आहे का?" मी म्हणायचे, "पुस्तकात न्हाई, पण उत्तर तेच येतंय." "मग शून्य." खरोखर शून्य द्यायचे. लाल शाईनं, एवढं मोठं.

आता मुद्द्याचं. त्या पावसाळ्यात आबांचा गडी कराडच्या बाजूला साखर कारखान्यावर कामाला लागला आणि यायचा नाही म्हणून निरोप धाडला. कळपामागं माणूस कमी पडलं. आबांनी घरात सांगून टाकलं, "दिवाळीनंतर तिघातलं एक माझ्यासंगं येणार. दोघं शिका." तिघांतलं एक म्हणजे कायमचं. शाळा सुटली म्हणजे सुटली, परत कोण घेतंय? मला मास्तरीण व्हायचं होतं. सरांच्या नाकावर टिच्चून त्यांच्याच शाळेत फळ्यापुढं उभं राहायचं होतं. आणखी कशाकशासाठी मी शिकत होते ते आता आठवत नाही, पण एवढं पक्कं होतं.

कोण जायचं हे आबा ठरवेनात. वडूजच्या बाजारात त्यांना सर भेटले. आबांनी हात जोडून विचारलं, "सर, तिघांत कुणाचं डोकं चालतंय?" सर म्हणाले, "बीजगणितात कळतं. पाठांतर काय, पोपटही करतो." झालं. आबांनी घरी येऊन निकाल दिला. सहामाहीला बीजगणितात ज्याला सगळ्यात कमी मार्क, त्यानं मेंढरामागं यायचं.

म्हणजे धाकटा. सगळ्या घराला ते तेव्हाच कळलं. क्रमागत विषम संख्या म्हटलं की हा गडी क्ष अधिक एक, क्ष अधिक तीन लिहायचा. का? तर म्हणे एक आणि तीन विषम आहेत! आई मला म्हणाली, "त्याला जरा शिकीव." मी पंधरा दिवस शिकवलं. पाच ते सात किती अंतर, सांग. दोन. सात ते नऊ? दोन. मग विषम असलं तरी दोन-दोनच मिळवायचे ना रं? व्हय म्हणायचा, आणि वहीत परत एक आणि तीन. मी पाटी आपटायचे. "जा गड्या, मेंढरंच राख," म्हणायचे. तो रडायचा. आई आबांना म्हणाली, "आवं, लहान हाय वो त्ये." आबा म्हणाले, "चौदा वर्सांचं घोडं लहान? कागदावर लिवलंय की." आबांना मेंढीचं वय दात बघून सांगता यायचं. आमचं नाही. वर्षातले आठ महिने बाहेर; कोण आधीचं, कोण मागचं एवढं ठाऊक, पण कुणाला किती वर्षं झाली ते त्यांना काय ठाऊक असणार? गुरुजींनी लिहिलं ते खरं. आई चुलीकडं वळली. मीही त्याचं खरं वय सांगितलं नाही. धाकटा गेला तर मी राहत होते.

सहामाहीचा पेपर आला. पाचवा प्रश्न वाचला आणि माझ्या कानातून वाफा निघाल्या. 'एका मेंढपाळाच्या दोन मुलांची व एका मुलीची वये क्रमागत पूर्णांक आहेत. वयांची बेरीज बेचाळीस आहे. मुलगी सर्वांत धाकटी आहे, तर तिचे वय काढा.' मी वर बघितलं. सर माझ्याकडंच बघत होते. हसत नव्हते. नुसतं बघत होते.

उत्तर तेरा. तेरा लिहायला किती वेळ लागतो? मधल्या भावानं लिहिलं. धाकट्यानंसुद्धा लिहिलं, त्याला ती वयं पाठच होती. मी लिहिलं नाही. माझ्याच हातानं स्वतःला धाकटी लिहू? मी लिहिलं, 'गणित चूक आहे. वये क्रमागत सम संख्या आहेत. मधले वय क्ष मानू. क्ष उणे दोन, क्ष, क्ष अधिक दोन. बेरीज तीन क्ष बरोबर बेचाळीस. क्ष बरोबर चौदा. वये बारा, चौदा, सोळा. मुलगी सर्वांत थोरली आहे.' खाली दोन रेघा मारल्या. बाकीची दोन्ही क्रमागत संख्यांची गणितंही मुद्दाम मधली संख्या धरून सोडवली. मार्क जाणार हे माहीत होतं. हिशेब केला होता मी, तेवढे जाऊनही धाकट्याच्या वरच राहत होते.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी पेपर हातात मिळाले. पन्नासपैकी मधल्याला एकतीस, मला बावीस, धाकट्याला एकोणीस. माझी तीन गणितं, पंधरा मार्क, लाल शाईनं आडवी कापलेली. पाचव्यापुढं सरांनी लिहिलं होतं, 'उद्धटपणा.'

 धाकटा घरी आल्या आल्या दप्तर ठेवून गोठ्यात जाऊन बसला. आई दारात धान्य पाखडत होती, त्याला बघूनच तिला कळलं. आबा ओट्यावर लोकर कातत होते. मी पेपर घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले.

"आबा, तुमी उद्याच्याला शाळंत या. माझं बरोबर असून सरांनी तीन गणितांला भोपळा दिलाय."

"मार्क किती?"

"बावीस. धाकट्याला एकोणीस."

"मग झालं की. तू सुटलीस. बस गुमान."

बसायचं की गं बये! आजही मी मनातल्या मनात तिथं उभ्या असलेल्या त्या पोरीच्या मुस्काटात मारते. पण ऐकेल ती मी कसली? मी प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला. म्हणाले, "मेंढपाळ म्हंजी तुमी. आमाला हसायला घातलाय ह्यो प्रश्न. तेरा लिवलं असतं तर मार्क मिळालं असतं, पण मी तेराची न्हाई. धाकटा बारा, मधला चौदा, मी सोळा. बेरीज करून बघा, बेचाळीसच हुती. मास्तरास्नी सांगा, मी थोरली हाय. आई, तू सांग की."

आईचं सूप थांबलं. तिनं आधी गोठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"व्हय," ती म्हणाली. "बाराचाच हाय त्यो. ही सोळाची."

आबांनी लोकर खाली ठेवली. बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं. "म्हंजी बारा वर्सांचं लेकरू म्या मेंढरामागं न्यायला निघालो हुतो," ते म्हणाले. आपल्याशीच. मग माझ्याकडं वळले. "आन् तुला सोळा."

"सोळा," मी म्हणाले. अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं.

"गणित तुझंच बरोबर हाय, पोरी. मास्तर चुकला."

देवा शपथ, तेवढं ऐकायलाच मी सात वर्षं थांबले होते. सर काय, गुरुजी काय, सगळे तोंडावर आपटल्यासारखं वाटलं. मी धाकट्याला हाक मारणार होते, ये बघ म्हणून. तोवर आबा उठून उभे राहिले.

"दिवाळी झाली की तू चल माझ्यासंगं. चुलतीला हाताखाली जाणतं माणूस पायजेच हाय."

"आवं आबा!" मी ओरडले. "मार्क माझं जास्ती हायती! तुमीच म्हणला हुता, ज्याला कमी मार्क…"

"मार्क मास्तरानं दिल्यात," आबा म्हणाले. "मास्तर चुकलाय, हे तूच सांगितलंस न्हवं?"