आई होडीत बसत नाही

रोटरडॅमला निघाले त्या दिवशी आईनं चटणीच्या डब्याला चिकटपट्टीचे इतके वेढे घातले होते, की विमान पडलं असतं तरी चटणी सांडली नसती. एसटी हलली तेव्हा खिडकीखालून एवढंच म्हणाली, "हितला घोर लावून घिऊ नगंस." रडत मी होते. तिला म्हशीची धार काढायची घाई होती.

रोटरडॅम समुद्रापेक्षा खाली वसलंय. इथं पाण्याला पंप लावतात आणि माणसं खुशाल झोपतात. आमच्या शिरोळकडं कृष्णेचं पाणी उंबऱ्याला लागलं की बायका तिची ओटी भरतात. खण, नारळ, हळदकुंकू. माई आली, मान घेतला, आता माघारी जाईल. बहुतेक वेळा जातेही, विश्वास बसतो तो त्यामुळंच. मी इथं आल्यावरच्या एका पावसाळ्यात माणसं काढायला होडी दारात आली, तेव्हा आई ओटीचं ताट करत होती. "तुमी व्हा म्होरं. माईला तशीच कशी धाडू?" बाबा होडीत बसले. होडी दुसऱ्या खेपेला आली तोवर भिंत तिच्यावर पडली होती. दादा कागलच्या कारखान्यात अडकलेला, मी इथं. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

मी व्हिडिओ गेम बनवते. दुसरं काही येत नाही, म्हणून आईचाही गेमच केला. दहा मिनिटांचा, फुकट. जुन्या गेमसारखी ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, शिडाची होडी, पुरातलं गाव. बुडालेल्या छपरांवरून खण-नारळ गोळा करत घरी पोचायचं. दारात आई. ती ओटी भरते आणि पाणी उतरतं. कुठकुठल्या देशांतून लोकांनी लिहिलं, खेळून किती शांत वाटतं. वाटू दे मेल्यांना.

बाबा दादाच्या मोबाइलवर खेळले आणि मला फोन केला. "पानी उतारतंय व्हय गं ह्यात? खोटं हाय सगळं. तिला होडीत बसीव."

म्हातारा माणूस, एवढंच तर मागतोय, असं मला वाटलं. गेम बदलला. आता होडी दाराला लावून एक बटण दाबलं, की आई ताट खाली ठेवते आणि निमूट येऊन बसते.

दादा सांगतो, बाबांनी ते बटण एकदाच दाबलं. लगेच मला फोन, आवाज चढलेला.

"ही कोन बाई गं? हाक मारली की बसतीया!"

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना..."

"मी दंडाला धरून वडली तिला. न्हाय आली. आनि तू एका बोटानं बसीवलीस. बसनारी आसती तर मी सोडून आलो आसतो व्हय?"

त्यांनी फोन ठेवला.

माझ्यासारखे जे लांब गेलेत, त्यांनी मला सांगावं, तुम्ही घरी फोन करता तेव्हा कुणाशी बोलता? मी दादाशी बोलते. बाबा शेजारीच असतात, खोकला ऐकू येतो. दादा त्यांना विचारतो, "देऊ?" पलीकडून येतं, "नगं." तेवढा एक शब्द ऐकायला मी दर रविवारी घरी फोन करते.