आठ कम कायको?

पेडणेकर काका बिघडलेल्या कुठल्याही यंत्राला आधी कान लावत. फ्रिज असो की मिक्सर, डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "जीव आहे अजून." टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ते भाईंदरला, मोरव्याच्या रस्त्यावरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहत. "मला माहीत नाही" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कुणीच ऐकले नव्हते.

आमच्याकडे ब्रॉडबँड येऊन जेमतेम महिना झाला होता. माझी बायको सुनीता सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अर्ज भरत होती. वयोमर्यादेमुळे ही तिची शेवटची संधी, आणि मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. बाकी सगळं उघडत होतं. अर्जाचं पान मात्र अर्ध्यावर येऊन थांबायचं.

"सायबर कॅफेत जाऊन भरते," ती म्हणाली.

"मी असताना?" म्हणत दारातून आत आलेले काका मॉडेमला कान लावून बसलेसुद्धा.

मी कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी हिंदीत नीट समजावलं: तुमचं नेट एका टनेलमधून येतं. माहितीच्या प्रत्येक पाकिटावर त्या टनेलचं वेष्टण चढतं, म्हणून मोठं पाकीट आत मावत नाही. सेटिंगमध्ये पाकिटाचा आकार पंधराशेच्या जागी चौदाशे ब्याण्णव करा.

काकांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "पैसा पूरा भरते हैं, तो आठ कम कायको? हमको मत सिखाओ, मॅडम!" आणि फोन आपटला. मग "रिसेट म्हणजे रामबाण" म्हणत त्यांनी मॉडेमच्या पाठीतल्या भोकात टाचणी खुपसली. मी शेजारीच उभा होतो. वडीलधाऱ्या माणसाच्या हातातून टाचणी काढून घेणं मला जमलं नाही. मॉडेममध्ये साठवलेलं आमचं नाव, पासवर्ड, सगळं पुसलं गेलं. आता काहीच उघडेना.

सुनीता रिक्षा करून धावली. सायबर कॅफेत ते पान लगेच उघडलं. त्यावर मुदत संपल्याची सूचना होती.

दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून पासवर्ड मिळवला, आकडा बदलला. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात काका डोकावले. "बघ! रिसेटच हवं होतं."

काही वर्षांनी काका वारले. सोसायटीच्या शोकसभेत जो तो उठून सांगत होता, "कुणाचं काही अडलं की काका धावत यायचे."

"खरंय," माझ्या शेजारी बसलेली सुनीता हळूच म्हणाली. "बोलवावंही लागायचं नाही."